पाणी पिणारे प्लास्टिक

नायलॉन हे पॉलिअमाइड कुळातले प्लास्टिक. अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने २८ फेब्रुवारी १९३५ रोजी नायलॉन-६६ तयार केले. तीन वर्षांनी जर्मनीत पाउल श्लाक यांनी नायलॉन-६ बनवले. नाशिकमध्ये नायलॉनचे नाव गाजते ते संक्रांतीला, आणि तेही वाईट अर्थाने. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी येवल्यासारख्या पतंगवेड्या गावांच्या जिल्ह्यात तो दर हिवाळ्यात पकडला जातोच. याच जिल्ह्यातल्या सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींतले नायलॉन मात्र दाण्यांच्या गोण्यांतून येते. वाहने आणि विजेची उपकरणे बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यांभोवती इथे सुट्या भागांचे लघुउद्योग वाढले, आणि इंजेक्शन मोल्डिंगच्या, म्हणजे वितळलेले प्लास्टिक साच्यात दाबून भाग बनवण्याच्या, शेडमध्ये या दाण्याला कायमचे गिऱ्हाईक मिळाले.

नायलॉन-६ सुमारे २२० अंश सेल्सिअसला वितळते, नायलॉन-६६ सुमारे २६० अंशांना. तेल, ग्रीस, डिझेल यांनी ते बिघडत नाही. तीव्र आम्लापुढे मात्र टिकत नाही. घर्षण कमी असल्याने गिअर आणि बुश यांसाठी ते सोयीचे. त्यात ३० टक्के काचतंतू मिसळले की ताकद साधारण दुप्पट होते. त्याहून मोठा फरक उष्णतेत पडतो. साधे नायलॉन-६६ भाराखाली ७०-७५ अंशांतच वाकू लागते, काचतंतूंचे २५० अंशांच्या आसपासपर्यंत तग धरते. म्हणूनच इंजिनाचे इनटेक मॅनिफोल्ड, रेडिएटरच्या टाक्या आणि पंख्याची पाती या जागी धातू मागे पडला. वायरिंगचे कनेक्टर, केबल टाय हे तर रोजचेच.

या पदार्थाची खरी ओळख पटते ती पाण्याशी असलेल्या त्याच्या नात्यातून. त्याच्या रेणूतले अमाइड गट पाण्याला ओढून घेतात. पाण्यात बुडवून ठेवलेले नायलॉन-६ वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी पिते, नेहमीच्या हवेत अडीच-तीन टक्के. मोल्डिंगवाल्याला हे पाणी नको असते. ओलसर दाणा यंत्राच्या तापलेल्या बॅरलमध्ये गेला की रेणूंच्या साखळ्या तुटतात, भागावर चंदेरी रेघा उमटतात आणि तो ठिसूळ होतो. त्यामुळे दाणा ८० अंशांवर चारेक तास वाळवून ओल ०.२ टक्क्यांच्या खाली आणावी लागते. इगतपुरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्याच जिल्ह्यातले सिन्नर पर्जन्यछायेत. जुलैत तोंड उघडे राहिलेली गोणी दोन्हीकडे सारखी वागणार नाही, हे ड्रायरची वेळ ठरवताना ध्यानात घ्यावे लागते.

साच्यातून बाहेर पडल्यावर हिशेब उलटतो. कोरडा ठणठणीत केबल टाय ओढताच तडकतो. थोडे पाणी मुरले की तो चिवट होतो. काही भाग म्हणून मुद्दाम गरम पाण्यात ठेवतात. पाणी मुरताना भाग किंचित फुगतो, ताठपणाही उतरतो. गिअरची मापे कोरड्या अवस्थेत घेऊन समाधान मानणारा आरेखक पुढे अडचणीत येतो.

पुनर्वापराची सोपी पायरी शेडमध्येच असते. रनर, म्हणजे साच्याच्या वाहिन्यांत गोठून उरलेले प्लास्टिक, दळून नव्या दाण्यात ठरावीक प्रमाणात मिसळतात. दर फेरीला काचतंतू तुटून आखूड होतात, म्हणून असा माल कमी जोखमीच्या भागांसाठी ठेवणे शहाणपणाचे. भंगारातून आलेला भाग अवघड. त्यात तेल मुरलेले असते, पितळी इन्सर्ट बसवलेले असते, आणि ६ व ६६ डोळ्यांनी वेगळे ओळखू येत नाहीत. पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगते आणि नायलॉन बुडते, जाळले की केस जळल्यासारखा वास येतो, इतक्यावर भंगारबाजारात निवड चालते. भागावर ‘पीए६६-जीएफ३०’ (३० टक्के काचतंतूंचे नायलॉन-६६) अशी खूण कोरलेली असेल तर काम हलके होते.

रासायनिक मार्गात नायलॉन-६ नशीबवान. ते एकाच घटकापासून, कॅप्रोलॅक्टमपासून, बनते आणि त्यातच परत मोडता येते. इटलीची अ‍ॅक्वाफिल कंपनी २०११ पासून स्लोव्हेनियात मासेमारीची जुनी जाळी आणि गालिचे यांवर हेच करते. नायलॉन-६६ दोन घटकांचे असल्याने ते मोडून दोन्ही वेगळे काढणे खर्चिक ठरते. भारतात १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या आयुर्मान संपलेल्या वाहनांच्या नियमांनी उत्पादकांवर टाकलेली उद्दिष्टे पोलादाची आहेत; गाडीतल्या नायलॉनचे काय व्हायचे ते अजून भंगाराचा भावच ठरवतो.