फितीवर राहिलेली मैफल

सप्टेंबर १९६५. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, फिनकॅसलजवळच्या घोड्यांच्या फार्मवर कार्लटन हेनी यांनी ब्लूग्रास संगीताचा पहिला तीन दिवसांचा महोत्सव भरवला. या संगीताचे जनक बिल मन्रो मँडोलिन घेऊन उभे, आणि त्यांना सोडून गेलेले जुने साथीदार एकेक करून पुन्हा त्यांच्या शेजारी येऊन गात होते. घराण्याचा इतिहासच तो! कंपनीच्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे. तिथे हे मावणार कसे? ते टिपले हौशी रसिकांच्या टेपरेकॉर्डरांनी. आवाज खरखरतो, मध्येच टाळ्या घुसतात, घुसू देत. मन्रोंच्या १९५६ ते १९६९ मधल्या मैफलींची निवडक ध्वनिमुद्रणे राल्फ रिन्झलर यांच्यामुळे १९९३ मध्ये स्मिथसोनियन फोकवेजने प्रसिद्ध केली. तोवर अशा फिती रसिक एकमेकांना उतरवून देत होते.