गणवेशाचे कापड : चाचणी सोपी, अर्थ लावणे अवघड

जून उजाडला की डहाणू आणि तलासरीच्या बाजारात वह्या, छत्र्या आणि गणवेशाच्या कापडासाठी गर्दी होते. दुकानदार ताग्यातून दोन हात कापड सोडतो, चिमटीत चोळून दाखवतो आणि सांगतो, ‘‘प्युअर कॉटन आहे ताई, रंगाची गॅरंटी.’’ घेणारी आईही तसेच चोळून बघते, किंमत पाडते आणि कापड घेते. दोन मिनिटांत झालेला हा निर्णय मुलाच्या अंगावर मात्र पुढे वर्षभर असतो. कधी गणवेश शाळेतून मिळतो, कधी पैसे खात्यात येतात आणि खरेदी पालकांनाच करावी लागते. दोन्ही वेळा प्रश्न एकच असतो : हे कापड अंगाला कसे आहे?

हा प्रश्न या भागात केवळ पैशाचा नाही. पावसाळ्याचे चार महिने किनारपट्टीची हवा ओलीचिंब असते. अंगावरचा घाम हवेत उडत नाही, कापडातच राहतो. काख, जांघ, कमरेचा पट्टा अशा ठिकाणी ओल आणि घर्षण एकत्र आले की घामोळे येते, कातडी सोलवटते आणि गजकर्णाच्या बुरशीला आयती जागा मिळते. वसतिगृहात कपडे नीट वाळत नाहीत, तिथे ही तक्रार आणखी वाढते. कापड हे रोगाचे एकमेव कारण नव्हे, पण आपल्या हातात असलेले कारण आहे.

डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित आहे, त्यामुळे इथे मोठ्या उद्योगांवर निर्बंध आहेत. सीमेपलीकडे मात्र सिल्व्हासा हे पॉलिएस्टर धाग्याचे मोठे केंद्र आहे, आणि रेल्वेने वर गेले की सुरत लागते. साहजिकच स्वस्त आणि न चुरगळणारे पॉलिएस्टर किंवा मिश्र धाग्याचे टेरिकॉट इथल्या बाजारात मुबलक असते. ते वाईटच असते असे नाही. ते लवकर वाळते, टिकते, इस्त्री मागत नाही. फक्त त्याला कॉटन म्हणून विकू नये, आणि घेणाऱ्याला फरक कळावा.

तो फरक एका आकड्यात सांगता येतो. प्रमाणित हवेत १०० किलो कोरडा कापूस सुमारे साडेआठ किलो पाणी धरतो, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ किलो. दोन भाग पॉलिएस्टर आणि एक भाग कापूस असे कापड घेतले तर हिशेब तीन किलोच्या आसपास येतो. ‘प्रमाणित हवा’ हा शब्द इथे महत्त्वाचा. भारतीय प्रयोगशाळांत कापड तपासण्यापूर्वी ते २७ अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत मुरवून ठेवतात. थंड देशांत हेच तापमान २० अंश धरतात. कारण सरळ आहे. जुलैत डहाणूत तपासलेले आणि जानेवारीत नागपुरात तपासलेले तेच कापड वेगळे वजन आणि वेगळी ताकद दाखवील. परिस्थिती सारखी नसेल तर आकड्यांची तुलना फोल ठरते. घरच्या चाचणीलाही हाच नियम लागू आहे : दोन कापडे पारखायची असतील तर एकाच दिवशी, एकाच पाण्यात, एकाच पद्धतीने पारखावीत.

आता चाचण्यांकडे वळू. पहिली सगळ्यांना ठाऊक असलेली, धागा जाळून पाहण्याची. कापडाच्या कडेचे चार-पाच धागे उभे आणि तेवढेच आडवे असे वेगवेगळे काढा. चिमट्यात धरून, खाली ताटली आणि शेजारी पाणी ठेवून, मोठ्या माणसाने जाळावे. कापूस भरकन पेटतो, कागद जळाल्यासारखा वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसते, वितळते, काळा धूर सोडते आणि निवल्यावर कडक मणी उरतो. राखेत बारीक कडक खडे लागले तर धागा मिश्र आहे. लोकर आणि रेशीम केस जळल्यासारखा वास देतात.

इथेच पहिली फसगत होते. ‘कागदाचा वास आला, मऊ राख उरली, म्हणजे कॉटन’ असे आपण म्हणतो. पण लाकडाच्या लगद्यापासून केलेला व्हिस्कोस धागाही अगदी तसाच जळतो, कारण दोन्ही मुळात सेल्युलोजच. ही चाचणी फक्त एवढेच सांगते की धागा वनस्पतिजन्य द्रव्याचा आहे. पुढचा भेद पाण्याने कळतो. धाग्याचा मधला भाग ओला करून ओढा. कापसाचा धागा ओला झाल्यावर अधिक मजबूत होतो, व्हिस्कोसचा कमजोर होऊन ओल्या जागीच सहज तुटतो. नदीच्या दगडावर आपटून धुतल्या जाणाऱ्या गणवेशासाठी हा फरक लहान नाही. मिश्र कापडात नेमके किती टक्के काय, हे घरी कळत नाही. प्रयोगशाळेत ७५ टक्के गंधकाम्लात कापूस विरघळवतात आणि उरलेल्या पॉलिएस्टरचे वजन करतात. अर्थात, हा प्रयोग घरी करायचा नाही.

जाळण्याच्या चाचणीतून आरोग्याचा आणखी एक धडा मिळतो. कापूस लवकर पेटतो. पॉलिएस्टर उशिरा पेटते, पण वितळून कातडीला चिकटते आणि भाजलेली जखम खोल करते. मिश्र कापडात कापूस जळत राहतो आणि वितळलेल्या द्रव्याला तिथेच धरून ठेवतो. म्हणून चुलीपाशी बसताना ‘हे पेटत नाही’ असा भरवसा कोणत्याच कापडावर ठेवू नये. पदर, ओढणी आवरूनच बसावे.

दुसरी चाचणी थेंबाची. कापड वाटीच्या तोंडावर ताणून बांधा आणि बोटभर अंतरावरून पाण्याचा एक थेंब टाका. थेंबाची चमक किती सेकंदांत जाते ते मोजा. पाच सेकंदांच्या आत गेली तर कापड चांगले शोषते असे मानतात. एकदा नव्हे, पाच वेगवेगळ्या जागी करा. पण नव्या कॉटनवर थेंब मोत्यासारखा बसून राहिला तर घाबरू नका. ती बहुधा खळ किंवा वरचे लेपन असते. उलट काही पॉलिएस्टरवर घाम पसरवणारे लेपन असते, तिथे थेंब लगेच जिरतो आणि धुलाईगणिक हा गुण कमी होऊ शकतो. म्हणून नव्या कापडाचा निकाल अर्धाच असतो. तीन वेळा धुऊन पुन्हा थेंब टाकला की खरा स्वभाव दिसतो.

तिसरी चाचणी आटण्याची. कापडावर न पुसणाऱ्या शाईने २५ सेंटिमीटरचा चौकोन आखा, धुवा, वाळवा, उभे आणि आडवे माप वेगवेगळे घ्या. उभे माप २४ सेंटिमीटर भरले तर कापड चार टक्के आटले. ऐंशी सेंटिमीटर लांबीच्या पँटमध्ये ही घट तीन सेंटिमीटरहून जास्त होते. मग शिंप्याला दोष देण्यात अर्थ नाही. आधी कापड भिजवून घ्यावे, नाहीतर शिवताना माया जास्त सोडायला सांगावे.

चौथी चाचणी रंगाची. पांढरे मांजरपाट बोटाला गुंडाळून कापडावर दहा वेळा घासा, एकदा कोरडे, एकदा ओले. घामासाठी कापडाचा तुकडा मिठाच्या पाण्यात भिजवून दोन पांढऱ्या चिंध्यांमध्ये ठेवा आणि वर वजन ठेवून चार तास सोडा. प्रयोगशाळेतही तत्त्व हेच, फक्त कृत्रिम घाम, दाब आणि ३७ अंश तापमान ठरलेले असते. लागलेला डाग करड्या पट्ट्यांच्या मोजपट्टीशी ताडून १ ते ५ गुण देतात. ५ म्हणजे डाग नाही, १ म्हणजे रंग भरपूर गेला. ओल्या घर्षणाचे गुण कोरड्यापेक्षा कमी येतात, हे गृहीतच धरायचे. डहाणूत कापडावर वारली चित्रे रंगवून विकणाऱ्यांनाही ही चाचणी उपयोगी आहे. सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा रंग धुतला जायचा नसतो, साडीवरचा पांढरा रंग मात्र दर धुलाईला कसाला लागतो.

रंगाच्या चाचणीचा अर्थ लावताना सर्वांत मोठी चूक होते. रंग गेला म्हणजे तो विषारी आणि रंग पक्का म्हणजे कापड सुरक्षित, अशी समजूत आहे. दोन्ही चूक. गडद निळीचे कापड रंग सोडते, तेवढ्याने ते घातक ठरत नाही. उलट काही ॲझो रंग कापडावर पक्के बसतात, पण विघटन झाल्यावर कर्करोगकारक ॲमाइन द्रव्ये तयार करू शकतात. म्हणूनच भारताने १९९७ मध्ये ७० ॲझो रंगांवर बंदी घातली. ते घासून, भिजवून किंवा हुंगून ओळखता येत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेतील रासायनिक विश्लेषणच लागते. सुरकुत्या न पडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फॉर्माल्डिहाइडचेही तसेच. ते बऱ्याच अंशी पाण्यात निघून जाते, म्हणून नवा कपडा अंगात घालण्यापूर्वी एकदा धुवावा हा आजीचा नियम शास्त्राला धरून आहे. नव्या कपड्याने अंगावर चट्टे उठले आणि धुऊनही थांबले नाहीत, तर तो कपडा बाजूला ठेवावा आणि डॉक्टरांना दाखवताना सोबत न्यावा.

मोठी खरेदी असेल तर घरच्या चाचण्यांवर थांबू नये. मुंबईत माटुंग्याची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, घाटकोपरची बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन, वरळीची सस्मिरा आणि प्रभादेवीची वस्त्र समिती ही कापड तपासणीची जुनी, जाणती ठिकाणे आहेत. पुरवठादार अहवाल दाखवतो तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीने चार गोष्टी विचाराव्यात. नमुना कोणी काढला? ताग्याच्या एकाच टोकातून की वेगवेगळ्या ताग्यांतून? चाचणी कोणत्या मानकाप्रमाणे झाली? आणि सरासरीबरोबर सर्वांत कमी आकडा किती?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. समजा दोन कापडांच्या पाच-पाच पट्ट्या ओढून तोडल्या आणि दोन्हींची सरासरी ताकद ४० किलो आली. पहिल्याच्या पट्ट्या ३९ ते ४१ मध्ये तुटल्या, दुसऱ्याच्या २८ ते ५२ मध्ये. कागदावर दोन्ही सारखी. पण गणवेश सरासरीला फाटत नाही, तो सर्वांत कमजोर जागी फाटतो.

प्रत्येक चाचणी एकाच प्रश्नाचे उत्तर देते. ज्योत धाग्याची जात सांगते, थेंब शोषण सांगतो, पट्टी आटणे सांगते, चिंधी रंगाचा पक्केपणा सांगते. एकीचे उत्तर दुसरीकडून काढायला गेलो की आपण स्वतःलाच फसवतो. या जूनमध्ये कापड घेताना दुकानदाराकडून वीतभर तुकडा आधी मागून घ्या आणि धुवा. चार दिवसांनी तो तुकडा हातात घेऊनच पुन्हा दुकानात जा. गॅरंटीची भाषा मग वेगळी ऐकू येईल.