मराठी वाचणाऱ्याने ई-रीडर निवडताना

मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली वेगळ्या काढून २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला. इथे अनेक घरांत बोलणं मराठीत, शाळा हिंदीत. अशा घरात ई-रीडर घेताना पहिला प्रश्न किमतीचा नसावा. आपण वाचतो ते कुठून येतं, हे आधी पाहावं.

विकत घेऊन कादंबऱ्या वाचणाऱ्याला साधं सहा-सात इंची किंडल पुरतं. मराठी पुस्तकं त्यावर २०१६च्या अखेरीस आली, हिंदीही आहेत. ई-इंकचा पडदा पान बदलतानाच वीज घेतो, म्हणून एका चार्जिंगवर आठवडे जातात. उन्हात बागेत बसूनही अक्षरं स्वच्छ दिसतात.

मात्र ई साहित्य प्रतिष्ठानची मोफत पुस्तकं किंवा स्कॅन केलेले जुने ग्रंथ वाचणाऱ्याने थांबून विचार करावा. त्यातलं बरंच काही पीडीएफमध्ये असतं. पीडीएफचं पान ठरलेल्या मापाचं. लहान पडद्यावर जोडाक्षरं आणि वेलांट्या डोळ्यांना छळतात. तिथे दहा इंची पडदाच हवा, महाग असला तरी. ईपब या प्रकारच्या फाइलमध्ये मात्र अक्षर हवं तेवढं मोठं होतं, म्हणून पर्याय असेल तेव्हा तेच उतरवावं.

बुकगंगाची ई-पुस्तकं त्यांच्या अ‍ॅपमध्ये उघडतात. त्यासाठी बूक्ससारखा अँड्रॉइडवर चालणारा ई-रीडर लागेल. आणि कोणतंही यंत्र घेण्याआधी त्यावर ‘ज्ञानेश्वर’, ‘कृष्णा’, ‘आळंदी’ हे शब्द नीट उमटतात का, ते दुकानात प्रत्यक्ष बघाच.