वर्षावासाचं गाव

लोणावळ्याची चिक्की, भुशीचं धरण, टायगर पॉइंट आणि राजमाची यांच्याबद्दल इतकं लिहून झालं आहे की त्यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पुण्या-मुंबईच्या प्रत्येक घरात लोणावळ्याचे पावसात भिजलेले फोटो असतात. मला लिहायचं आहे ते इथे शिकायला येणाऱ्या माणसांबद्दल. फ्रान्स, चीन, जपान अशा दूरदूरच्या देशांतून ती येतात, काही आठवडे किंवा एक अख्खं शैक्षणिक वर्ष इथे राहतात आणि परत जाताना लोणावळ्याला आपल्या शिक्षणाचं गाव म्हणतात. आपल्यातल्या फार थोड्यांना त्यांचा पत्ता असतो.

हे शिक्षण चालतं कैवल्यधामात. स्टेशनवरून रिक्षा केली तर काही मिनिटांत आपण स्वामी कुवलयानंद मार्गावर येतो. फाटकाच्या आत शिरलं की बाजारातले हॉर्न मागे पडतात, आणि झाडांखालून छत्र्या घेऊन वर्गाकडे निघालेले विद्यार्थी दिसतात. पांढऱ्या सदऱ्यातला एखादा कोरियन तरुण, साडी नेसायचा सराव करणारी युरोपियन मुलगी आणि त्यांच्याच वर्गातला बिहारचा किंवा नगरचा विद्यार्थी, सगळे एकाच जिन्यावर चपला काढतात.

संस्थेचा इतिहास थोडक्यात असा. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ सालचा, गुजरातेतल्या डभोईचा. जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती मिळवणारा हा मुलगा बडोद्याला शिकला आणि तिथेच राजरत्न माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात घडला. पुढे खानदेशात अंमळनेरला त्यांनी शिक्षकाचं काम केलं. नर्मदाकाठच्या मालसरचे परमहंस माधवदासजी त्यांना योगातले गुरू म्हणून लाभले. गुणे यांचे स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४च्या ऑक्टोबरात त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम उभं केलं. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही सुरू झालं.

या माणसाचं मोठेपण मला एका गोष्टीत दिसतं. गुरूंनी शिकवलेल्या क्रिया त्यांनी श्रद्धेने केल्या, पण शरीरात नेमकं काय घडतं हे पाहिल्याशिवाय ते थांबले नाहीत. १९२०च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी नौली आणि उड्डियान या पोटाच्या क्रिया करणाऱ्यांची क्ष-किरण तपासणी करवली. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, हे त्यांनी पाऱ्याच्या दाबमापकाने मोजून दाखवलं आणि त्या पोकळीला गुरूंचं नाव दिलं, ‘माधवदास व्हॅक्यूम’. योगाभोवती गूढतेचं वलय होतं त्या काळात एका संन्याशाने हे केलं. परदेशी विद्यार्थी इथे येऊ लागले ते याच कारणाने. त्यांना चमत्कार नको होते. आपल्या प्रयोगशाळेची भाषा समजणारा शिक्षक हवा होता.

सुरुवातीच्या अशा विद्यार्थ्यांत कोवूर बेहनन हे नाव घ्यावंच लागेल. मूळचे त्रावणकोरचे बेहनन अमेरिकेत येल विद्यापीठात मानसशास्त्राचं संशोधन करत होते. विद्यापीठाची शिष्यवृत्ती घेऊन १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ते लोणावळ्याला आले, कुवलयानंदांकडे शिकले आणि प्राणायामाचे प्रयोग स्वतःवरच केले. उज्जायी प्राणायामात प्राणवायूचा वापर सुमारे २४-२५ टक्क्यांनी वाढतो, हे त्यांनी मोजलं. प्राणायामानंतर लगेच घेतलेल्या बेरजेसारख्या चाचण्यांत आपला वेग मंदावतो, हेही त्यांनी लपवलं नाही. १९३७ साली त्यांचं पुस्तक अमेरिकेत निघालं. जन्माने भारतीय असलेला माणूस अमेरिकेचा विद्यार्थी म्हणून मायदेशी शिकायला येतो, आणि तेही मावळात! त्याच दशकात कोलंबिया विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या जोसेफाइन रॅथबोनही इथे येऊन गेल्या. पुढे १९५०च्या सुमारास गोवर्धनदास सेक्सरिया यांच्या नावाने योगाचं महाविद्यालय सुरू झालं आणि येणाऱ्यांना रीतसर अभ्यासक्रम मिळाला.

मी कैवल्यधामात ज्या दिवशी गेलो त्या दिवशी फ्रान्समधल्या ल्यों शहराची एक विद्यार्थिनी भेटली. ती तिकडे फिजिओथेरपिस्ट होती. पदविकेसाठी ती जुलैत इथे आली, म्हणजे ऐन पावसात. लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, हे तिने वाचलं होतं. पण आकडा वाचणं वेगळं आणि आठवडाभर न वाळलेला टॉवेल वापरणं वेगळं, असं ती म्हणाली. कातडी पिशवीला बुरशी आली. वह्यांची पानं मऊ पडली. खोलीतल्या दोरीवरचे कपडे ती रोज इस्त्रीने वाळवायची. धुकं इतकं की समोरची इमारत चार-चार दिवस दिसायची नाही. पहिल्या पंधरवड्यात परतीचं तिकीट काढायचा विचार तिच्या मनात येऊन गेला होता.

शुद्धिक्रियांची तिला सगळ्यात जास्त धास्ती होती. तोटीच्या लोट्याने एका नाकपुडीत ओतलेलं कोमट मिठाचं पाणी दुसरीतून काढायचं, ही जलनेती तिला दोन दिवसांत जमली. वमनाला मात्र वेळ लागला. सकाळी उपाशीपोटी तांब्यामागून तांब्या पाणी पिऊन सगळ्यांसमोर उलटी करायची, याची तिला फार लाज वाटे. मग वर्गातल्या साताऱ्याच्या मुलीने शेजारी उकिडवं बसून तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्या दिवशी ते जमलं. कापड गिळून पोट साफ करायच्या वस्त्रधौतीचं वर्णन हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात आहे, चार बोटं रुंद आणि पंधरा हात लांब कापडाचं. ते कापड प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा आपण शिकत असलेलं पुस्तक खरंच कुणीतरी जगलं आहे हे पटलं, असं तिने मला सांगितलं.

ही हठप्रदीपिका इथल्याच लोकांनी संपादित केली आहे. कुवलयानंदांनंतर संस्थेची धुरा वाहणारे स्वामी दिगंबरजी आणि पंडित रघुनाथशास्त्री कोकजे यांनी पाठभेद तपासून तिची आवृत्ती सिद्ध केली, १९७० साली. कोकजेशास्त्री लोणावळ्यातच राहून धर्मनिर्णय मंडळाचं धर्मसुधारणेचं काम करणारे विद्वान होते. या गावात एवढं वैचारिक काम झालं आहे, हे आता गावातल्या नव्या पिढीला सांगायला कुणी उरलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

दिवाळीत वसतिगृह रिकामं झालं तेव्हा ल्योंच्या त्या विद्यार्थिनीला घरची आठवण फार आली. बाजारात ती ज्या मावशींकडून भाजी घ्यायची त्यांनी विचारलं, “पोरी, सणाला एकटीच का?” आणि नरकचतुर्दशीला पहाटे तिला घरी बोलावलं. तेल, उटणं, पाटाभोवतीची रांगोळी, मग चकली आणि करंजी. रुग्णांच्या शरीराला रोज तेल चोळून व्यायाम शिकवणारी ही बाई, पण दुसऱ्या कुणी आपल्याला इतक्या मायेने तेल लावलं नव्हतं, असं म्हणताना तिचे डोळे भरून आले. “मावशी, येते हं,” हे वाक्य ती आता अगदी मावळी हेल काढून बोलते.

सुट्टीच्या दिवशी हे विद्यार्थी लोकलने एक स्टेशन पुढे जातात, मळवलीला. एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. ती आणि मीही कार्ल्याला गेलो. दोन हजार वर्षांपूर्वीचं चैत्यगृह, आत ३७ खांब, दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा आणि स्तूपामागे साधे अष्टकोनी सात. वरच्या कमानीच्या सागवानी फासळ्या अजून जागेवर आहेत. हे पाठ्यपुस्तकात असतं. मी रेंगाळलो तो तिथल्या नावांपाशी.

त्यातलं एक नाव मनातून जात नाही. धेनुकाकट नावाच्या गावचा एक सुतार, वेणुवासाचा मुलगा सामी. लेण्याच्या दर्शनी भागावर ब्राह्मी अक्षरांत नोंद आहे की हे द्वार त्याने केलं. राजे, श्रेष्ठी, महारथी यांच्या नावांच्या रांगेत एका सुताराचं नाव, बापाच्या नावासकट, गावासकट. वैजयंतीच्या म्हणजे आजच्या बनवासीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचं कोरून ठेवलं. त्याच्याकडे पैसा होता, त्याने अभिमानही मिरवला. सामीने फक्त काम नोंदवलं. छताच्या लाकडी फासळ्यांकडे पाहताना लाकडाची जाण असलेल्या या माणसाने इथे किती पावसाळे काढले असतील, असं वाटत राहिलं. त्याच्यावर मराठीत एखादी गोष्ट कुणीतरी लिहायला हवी.

खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांचीही नावं आहेत. यवन म्हणजे समुद्रापलीकडून आलेली माणसं, जी इथल्या धर्मात रमली आणि ज्यांनी इथे दान दिलं. ल्योंची विद्यार्थिनी त्या खांबांपुढे बराच वेळ उभी होती. शेजारच्या दुसऱ्या एका लेखात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात सांगतो, की वलूरकच्या या लेण्यांत राहणाऱ्या, चारी दिशांच्या संघातल्या, वर्षावास करणाऱ्या सगळ्यांच्या निर्वाहासाठी करजिक नावाचं गाव दिलं आहे. पावसाचे महिने एका जागी राहून अभ्यास आणि साधना करायची, त्यासाठी गावाने अन्न पुरवायचं. दोन हजार वर्षांनी त्याच डोंगरांत, त्याच पावसात, बाहेरून आलेली माणसं तेच करत आहेत. मावळाचा हा वारसा मला किल्ल्यांइतकाच मोलाचा वाटतो.

चैत्याच्या दाराशीच एकवीरा आई आहे. नवसाची कोंबडी घेऊन चढणारी कोळी कुटुंबं, ढोल, हळदीचा भंडारा. आश्रमातलं शाकाहारी, मोजकं जेवण जेवणाऱ्या विद्यार्थिनीला हे सगळं एकाच डोंगरावर कसं नांदतं, हा प्रश्न पडला होता. वरळीहून आलेल्या एका कोळी आजींनी तिच्या कपाळाला हळद लावली आणि म्हणाल्या, “आईकडं आलीस ना, मग झालं.” प्रश्न सुटला नाही, पण तिने तो वहीत लिहून ठेवला आहे.

तक्रार करायची ती पायऱ्यांची. वर जाताना दोन्ही कडेला पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सच्या पिशव्यांचा खच पडलेला असतो. चैत्यात येणारे सेल्फी काढून पाच मिनिटांत बाहेर पडतात, शिलालेखांपुढे थांबणारे फार थोडे. शनिवार-रविवारी गावात गाड्यांची रांग लागते, रात्री उशिरापर्यंत कर्णे चालू असतात. पहाटे उठून प्राणायामाला बसणाऱ्या मुलांना आदल्या रात्री झोप मिळालेली नसते. लोणावळ्याच्या हवेचा आणि शांततेचा मान पाहुण्यांनी ठेवायला हवा.

संस्थेच्या शताब्दीच्या निमित्ताने २०२३च्या नोव्हेंबरात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू कैवल्यधामात आल्या होत्या, शालेय शिक्षणात योग या विषयावरच्या परिषदेसाठी. परिषदा होत राहतील. माझी विनंती मावळातल्या शाळांना आहे. सहल भुशीला न्यायचीच असेल तर न्या, पण अर्धा दिवस कार्ल्यासाठी ठेवा, मुलांना सामीचं नाव दाखवा, आणि मग परवानगी घेऊन कैवल्यधामात जाऊन एखाद्या परदेशी विद्यार्थ्याला विचारू द्या, की घर सोडून एवढ्या लांब, एवढ्या पावसात शिकायला तो का आला. सोमवार ते गुरुवार गर्दी कमी असते. लोकल मळवलीला थांबते.