नाकातलं मलम कशासाठी?
सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात नाकात खपली धरते आणि घरात उरलेली म्युपिरोसिनची ट्यूब हाताशी येते. पण म्युपिरोसिन (जिवाणूंविरुद्धचं प्रतिजैविक) ओलाव्यासाठी नाही. विषाणूंमुळे होणाऱ्या सर्दीवरही ते चालत नाही. नाकात मुक्काम ठोकलेला स्टॅफिलोकॉकस ऑरियस (जखमेत पू करू शकणारा जिवाणू) हटवण्यासाठी, अनेकदा शस्त्रक्रियेआधी, डॉक्टर ते देतात. पेरणीआधी शेतातलं तण काढावं तसं. हात धुऊन ज्वारीच्या दाण्याएवढं मलम प्रत्येक नाकपुडीत, सहसा दिवसातून 2 वेळा, 5 दिवस लावायचं आणि नाक हलकेच दाबून आत पसरवायचं. त्वचेसाठीची ट्यूब नाकात वापरू नये. तिच्यातला मूळ लेप वेगळा असतो, आतल्या नाजूक अस्तराला झोंबतो. उरलेलं मलम मनाने पुन्हापुन्हा लावलं तर जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. नुसत्या कोरडेपणाला सलाइनचे (मिठाच्या निर्जंतुक पाण्याचे) थेंब बहुधा पुरतात.