ऊन अंगाला, थंडी पाण्याला

"बाबा, कपडे उन्हाकडे बघून नाही, पाण्याकडे बघून घालायचे," असे म्हणत लेकीने तो जाड, अंगाला चिकटणारा वेटसूट माझ्यापुढे धरला. मला हसूच आले. मे महिन्यातली कोवळ्या उन्हाची सकाळ. आणि सांगलीला आयर्विन पुलावरून कृष्णेत उड्या मारलेला मी! मला पाण्याचे काय सांगता?

कॅनडातल्या सास्काचेवान प्रांतात, रेजायना शहराच्या वायव्येला 'लास्ट माउंटन लेक' आहे. नाव डोंगराचे, पण भोवती नजर पोचेल तिथवर गवताळ माळ. ९० किलोमीटरच्या आसपास लांबीचे हे सरोवर हिवाळाभर गोठलेले असते. बर्फ वितळतो तो एप्रिलअखेर, नाहीतर मेच्या सुरुवातीला. माळावर वसंत येतो, पाण्यात मात्र तो फार उशिरा उतरतो.

"एक मिनिट हात घाला पाण्यात," लेक म्हणाली. वीस आकडे मोजेपर्यंत बोटे ठणकू लागली. चाळिसाला मी हात बाहेर काढला. मग तिने समजावले. अशा पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात धाप लागते, श्वास आवरत नाही, नाकातोंडात पाणी जाते. त्यातून निभावले तरी दहाएक मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात. पट्टीचा पोहणाराही तिथेच फसतो. म्हणून वेटसूट, वर लाइफ जॅकेट, आणि जायचे ते काठाकाठानेच. मी निमूटपणे बाह्यांत हात घातले.

कयाक म्हणजे एकट्याची निमुळती होडी. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती. वारा पडलेला, वल्ह्यावरून निथळणाऱ्या थेंबांचा तेवढा आवाज. तोच लव्हाळ्यांपलीकडे दोन पक्षी, आपल्या टिबुकलीचे लांब मानेचे थोरले भाऊबंद, पाण्यावर ताठ उभे राहिले आणि जोडीने धावत सुटले. विणीच्या हंगामातला त्यांचा नाच! मी पुढे सरकणार, तोच लेकीने वल्हे आडवे धरले. त्यांची घरटी पाण्यावर तरंगती असतात. माणूस जवळ गेला की बिथरतात. याच सरोवराच्या उत्तर टोकाला १८८७ साली पक्ष्यांसाठी जागा राखली गेली; उत्तर अमेरिकेत केंद्र सरकारने राखलेले ते पहिले पक्षी अभयारण्य. आम्ही लांबूनच पाहिले आणि मागे वळलो.

लहानपणी तिला पोहायला शिकवताना मी तिच्या पाठीला पत्र्याचा डबा बांधत असे. गाठ मी दोनदोनदा तपासायचो; ती वैतागायची.

दुसऱ्या सकाळी निघताना तिने माझ्या जॅकेटचा पट्टा पुन्हा ओढून पाहिला.

मी म्हटले, "डबा घट्ट आहे गं!"