सैतानाची साक्ष

पश्चिम फ्रान्समधील लूदाँ या तटबंदीच्या लहानशा गावातून प्लेगची साथ ओसरत असतानाच, इ. स. १६३२ च्या शरदात, तेथील उर्सुलाइन पंथाच्या मठातील जोगिणींना रात्री-अपरात्री छायाकृती दिसू लागल्या, त्यांची शरीरे धनुष्याप्रमाणे वाकू लागली आणि त्यांच्या मुखांतून अर्वाच्य शिवीगाळ बाहेर पडू लागली. मठाध्यक्षा जान देझांज हिच्या देहात तर एक सोडून अनेक सैतानांनी ठाण मांडल्याचे जाहीर झाले. आणि तुम्हांला कोणी धाडले, असे धर्मगुरूंनी दरडावून विचारताच त्यांनी गावातल्याच एका धर्मगुरूचे, उर्बां ग्रांदिए याचे, नाव घेतले.

ग्रांदिए देखणा, विद्वान, फर्डा वक्ता आणि तितकाच उद्धट होता; धर्मगुरूंच्या सक्तीच्या ब्रह्मचर्याविरुद्ध त्याने एक निबंध लिहिला होता, सरकारी वकिलाच्या कन्येशी असलेल्या त्याच्या संबंधाची कुजबूज घरोघर चालू होती, आणि या मठाचे गुरुपद त्याने पूर्वीच नाकारले होते. एवढे शत्रू असलेल्या माणसावर बालंट यायला सैतानाची गरज नव्हती, असे कोणी म्हटले तर ते खोडून काढणे कठीण.

१६१४ च्या रोमन विधिग्रंथाप्रमाणे न शिकलेली भाषा बोलणे, गुप्त गोष्टी ओळखणे व मानवी आवाक्याबाहेरचे बळ दाखविणे ही बाधेची लक्षणे. लूदाँच्या सैतानांचे लॅटिन मात्र व्याकरणात वारंवार घसरे. बोर्दोच्या आर्चबिशपाने आपला वैद्य पाठविला, आणि सैतान उतरविण्याचे विधी बंद पाडले. प्रकरण तेथेच मिटायचे. परंतु गावचा किल्ला पाडण्याच्या कामगिरीवर आलेला कार्डिनल रिशल्यूचा अंमलदार लोबार्दमाँ याने ते दरबारी नेले आणि १६३३ च्या अखेरीस राजाचा हुकूम आणून ग्रांदिएला कैद केले. अपिलाची वाटही बंद करण्यात आली.

यानंतर देवळांतून, हजारोंच्या गर्दीसमोर, सैतानांच्या जबान्या घेतल्या गेल्या. देवाच्या नावाने विधिपूर्वक बजावल्यास असत्याचा जनकही सत्यच बोलतो, असा धर्मगुरूंचा दावा होता. सोर्बोनच्या धर्मपंडितांचे मत याविरुद्ध असूनही न्यायाधीशांनी तो ग्राह्य धरला. पुढे काही जोगिणींनी, स्वतः मठाध्यक्षेनेही, आपण निरपराध माणसावर आळ घेतला असे सांगितले, तेव्हा मात्र हे सैतानाचेच कपट ठरले! आरोप केला की सैतान खरा, आरोप मागे घेतला की तोच खोटा, अशा कचेरीत आरोपीने बचाव करावा तरी कोणता? आज आपण या साऱ्यावर हिस्टेरियाचा शिक्का मारून मोकळे होतो. पण हिस्टेरियाला राजमुद्रेचा कागद लिहिता येत नाही.

१८ ऑगस्ट १६३४ रोजी ग्रांदिएचे पाय लाकडी फळ्यांत चिरडून त्याला जिवंत जाळण्यात आले. त्याने एकाही साथीदाराचे नाव घेतले नाही. सैतान मात्र मठ सोडून गेले नाहीत. विधी आणखी काही वर्षे चालले, ते करण्यास आलेला सूरँ नावाचा जेझुइट धर्मगुरू स्वतःच दीर्घकाळ मनोव्याधीने ग्रासला गेला, आणि जान देझांज १६३८ मध्ये, हातावर उमटलेली येशू, मेरी व योसेफ यांची नावे दाखवीत, फ्रान्सभर फिरून राजाराणीची आणि रिशल्यूची भेट घेऊन आली.